वाड्यातली जुनी पॉइंट टू टू रायफल: कागद, साफसफाई आणि किंमत

विदर्भातल्या जुन्या घरांत बारा बोअरची बंदूक निघते, तशी कधीकधी बारीक नळीची, हलकी, बोल्टची (नळीचं मागचं तोंड उघड-बंद करणाऱ्या सरकत्या दांडीची) पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची एक रायफलही निघते. पूर्वेकडे ती मालगुजारांच्या वाड्यातून येते, वऱ्हाडात देशमुख-पाटलांच्या घरातून. मोठी बंदूक रानात न्यायची, ही सशा-तितरासाठी आणि पोरांना नेम शिकवायला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गेली, रायफल मात्र कापडात गुंडाळलेली कपाटात राहिली. घरातलं मोठं माणूस गेलं की मग प्रश्न निघतो: हिचं करायचं काय, आणि हिचे पैसे किती येतील?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा रायफलीची किंमत गंजाने जाते त्याहून जास्त, ती चकचकीत करायला घेणाऱ्याच्या हाताने जाते. त्यामुळे या लेखात 'हे करा' जितकं आहे, तितकंच 'याला हात लावू नका' आहे.

पहिलं काम कागदांचं

पान्याला हात लावण्याआधी परवाना काढून समोर ठेवा. परवाना ज्यांच्या नावावर होता ते हयात नसतील, तर ते शस्त्र घरात ठेवणं कायदेशीर राहत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसांवरही हेच बंधन आहे. तेरवी झाल्यावर बघू, पेरणी आटोपली की बघू, असं करत वर्षं निघून जातात आणि मग साधी गोष्ट गुन्ह्याची होते. माळ्यावर अचानक रायफल सापडली, कागद एकही नाही, तर ती मोटरसायकलला बांधून ठाण्यात नेऊ नका. आधी ठाणेदाराला कळवा, ते सांगतील तसं जमा करा आणि पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्या पावतीवर कंपनीचं नाव, बोअर आणि नंबर लिहून घ्या. नुसतं 'एक जुनी बंदूक' असं लिहिलेली पावती पुढे काही कामाची नसते.

वारसाला परवाना मिळू शकतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर मिळतोच, पण धारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तरी त्यांनी सुचवलेल्या वारसाच्या नावे अर्ज करता येतो. म्हणजे वडील हयात असतानाच हे काम उरकता येतं, आणि तेच सोपं पडतं, कारण मग बाकीच्या भावंडांच्या संमतीवरून नंतर वाद होत नाहीत. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, नागपूर-अमरावती शहरांत पोलीस आयुक्तालयात. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारसाहक्काने आलेलं शस्त्रही त्या दोनांतच धरलं जातं. घरात आधीच बारा बोअर आणि रिव्हॉल्व्हर तुमच्या नावावर असेल, तर ही तिसरी तुमच्या नावावर होणार नाही. दुसऱ्या वारसाचा विचार आत्ताच करा.

जंगलालगतच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव विभागाकडेही नोंदणी करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जात नाही. मेळघाट, ताडोबा, नागझिरा, बोर, टिपेश्वर यांच्या आसपासची किती गावं यात येतात ते तुम्हीच मोजा.

२०२० मध्ये 'क्युरिओ', म्हणजे पन्नास वर्षांहून जुन्या आणि दुर्मीळपणामुळे मोल असलेल्या शस्त्रांना परवान्यातून थोडी सवलत मिळाली. ती फक्त जवळ ठेवण्यापुरती आहे. वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसं मिळत नाहीत. आपली रायफल यात बसते की नाही हे घरी बसून ठरवू नका, कार्यालयाकडून लेखी घ्या.

आणि रोही-डुकरांचा विषय निघणारच म्हणून: तूर-कपाशीचं नुकसान खरं आहे, पण ही रायफल त्याचं उत्तर नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, आणि पॉइंट टू टू रायफलीचा आहे तो रायफल क्लबच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी. शिवाय हे इवलंसं काडतूस डुकराला मारत नाही, जखमी करून सोडतं. मग ते जखमी जनावर दुसऱ्याच कुणाच्या तरी वावरात माणसावर येतं.

कागद जुळले की पुढचं वाचा.

रिकामी आहे का, हे डोळ्याने आणि बोटाने

नळीचं तोंड माणसं नसलेल्या बाजूला, मातीच्या भिंतीकडे असू द्या. मॅगझिन, म्हणजे काडतुसं ठेवायची डबी, काढा. बोल्ट उघडा, मागे ओढा, नळीच्या मागच्या तोंडात म्हणजे चेंबरमध्ये उजेडात बघा आणि करंगळीने चाचपा. सेफ्टीच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका. तो पुढे केला म्हणजे बंद की मागे केला म्हणजे बंद, हे कंपनीगणिक बदलतं, आणि जुना खटका झिजलेलाही असतो.

काही रायफलींत मॅगझिन नळीखालच्या बारीक नळकांड्यात असतं. बीएसएची स्पोर्ट्समन फिफ्टीन अशीच आहे, तिच्यात पंधरा काडतुसं एकामागे एक बसतात. बोल्ट उघडून चेंबर रिकामा दिसला तरी नळकांड्यात एखादं चिकटून राहिलेलं असू शकतं. आतली नळी पूर्ण बाहेर काढूनच खात्री करा.

चेंबरमध्ये जुनं काडतूस अडकलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. पुढून सळई घालून ठोकायचं नाही. या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून तर याला रिमफायर म्हणतात. कडेवर कुठेही दणका बसला की ते पेटू शकतं. हे काम परवानाधारक गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. डब्यात सापडलेली हिरवट पडलेली काडतुसं विहिरीत टाकू नका, धुऱ्यावर पुरू नका, पऱ्हाटीसोबत जाळू तर मुळीच नका. ती रायफलीसोबत जमा करा.

ही आहे तरी कोणती?

किमतीचा अर्धा हिशोब इथे ठरतो. नळीच्या मागच्या भागावर, बोल्टच्या घरावर आणि बोल्टच्या दांडीच्या बुडाशी अक्षरं कोरलेली असतात. मळ आणि सुकलेल्या तेलाने ती बुजतात. घासायचं नाही. मऊ कापडाला थोडं टर्पेंटाइन लावून पुसा, मग पांढरा खडू अक्षरांवर चोळा आणि वरवर बोट फिरवा. खडू खोलगट भागात राहतो आणि जे दिसत नव्हतं ते वाचता येतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढा.

आपल्या भागात साधारण काय काय निघतं? इंग्लंडची बीएसए, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चिन्ह असलेली. चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो, मॉडेल एक किंवा दोन, पाच काडतुसांच्या निघणाऱ्या मॅगझिनची. नेमबाज अजूनही तिचं नाव आदराने घेतात. अमेरिकेच्या विंचेस्टर आणि रेमिंग्टन, त्यांतल्या पुष्कळशा एकेक काडतूस भरायच्या. जर्मन माउझर आणि वॉल्थर. बेल्जियमच्या साध्या, स्वस्त, पोरांसाठी बनवलेल्या रायफली. आणि आपल्याच ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची पॉइंट टू टू. एनसीसीत असलेल्यांच्या हातात त्याच फॅक्टरीची डीलक्स आलेली असते.

प्रूफचे, म्हणजे नळीची चाचणी झाल्याचे शिक्के वय सांगतात. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांत मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी वेगवेगळी अक्षरं असतील तर ती १९०४ ते १९५४ या काळातली. मुकुटाखाली एकत्र बीएनपी असेल तर त्यानंतरची. बेल्जियमच्या लीएझचा शिक्का लंबगोलात ईएलजी असा. जर्मन रायफलीवर एन या अक्षरावर मुकुट असेल तर ती १९४० च्या आधीची, गरुड असेल तर १९४० पासूनची. काडतुसाची खूणही बघा: जर्मन लोक पॉइंट टू टू लाँग रायफलला 'एलएफबी' लिहितात, युरोपात कुठे कुठे नुसतं ५.६ मिमी असतं. रेमिंग्टनने १९२१ पासून नळीवर महिना आणि वर्षासाठी छोटी अक्षरं ठोकली. महिन्यांची अक्षरं 'ब्लॅकपावडरएक्स' या इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमाने येतात. बी जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, असं शेवटच्या एक्सपर्यंत, जो डिसेंबर.

आता नंबर. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी पॉइंट टू टू रायफलीवर नंबर घालणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे तिकडच्या पुष्कळ जुन्या रायफलींवर कंपनीचा नंबरच नाही. आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मात्र ओळखखूण नसलेलं शस्त्र विकता येत नाही, आणि खूण खोडलेली आढळली तर ती ज्याच्या ताब्यात सापडली त्यानेच खोडली असं गृहीत धरलं जातं. म्हणून अशा रायफलीवर इथे कधीतरी, कुणीतरी ठोकलेला वेडावाकडा नंबर असेल, तर तो कुरूप दिसतो म्हणून घासू नका. तुमच्या परवान्यातला नंबर तोच असण्याची शक्यता आहे. परवान्यावर पेटंट नंबर किंवा मॉडेल नंबरच शस्त्राचा नंबर म्हणून उतरलेला असतो, असंही घडतं. परवान्यातला आणि रायफलीवरचा आकडा जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. पंच घेऊन रायफलीवरचा आकडा 'जुळवायचा' नाही.

बोल्टवर नंबर असेल आणि तो घरावरच्या नंबराशी जुळत असेल, तर वेगळं लिहून ठेवा. किंमत सांगताना कामी येईल.

उघडताना

टेबलावर जुनी सतरंजी टाका, छोट्या वाट्या घ्या, प्रत्येक स्क्रू काढला की फोटो. जुन्या रायफलींचे स्क्रू सरळ खाचेचे असतात आणि खाच अरुंद, समांतर कडांची असते. आपल्या घरातला पेचकस टोकाला निमुळता असतो. तो वर घसरतो आणि स्क्रूचं डोकं चेपतो. चेपलेलं डोकं म्हणजे 'इथे अडाण्याचा हात लागला' असा शिक्काच, आणि जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी तिथेच बघतं. खाचेत पूर्ण बसणारं पातं नसेल तर कारागिराकडून तासून घ्या. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या.

बोल्ट बहुतेक रायफलींत ट्रिगर दाबून धरून मागे ओढला की निघतो. लाकडी दस्त्यापासून नळी वेगळी करायला खालचे एक-दोन स्क्रू पुरतात. इथपर्यंत घरधन्याचं काम. ट्रिगरची जुळणी, सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग), सेफ्टी उघडू नका. कायद्यातही दुरुस्ती, फेरफार आणि चाचणी ही परवाना असलेल्यांचीच कामं आहेत. साफसफाई करणं आणि दुरुस्ती करणं यांतली रेघ ओलांडायची नाही.

नळी

पॉइंट टू टूची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. नळी खराब होते ती दोन कारणांनी. एक, १९२० च्या दशकापर्यंत काडतुसाच्या मसाल्यात असे क्षार असत की बार काढल्यावर ते हवेतला ओलावा ओढून आतून गंज धरवत. रेमिंग्टनने न गंजवणारा मसाला १९२६ मध्ये आणला, मग हळूहळू सगळीकडे तो आला. त्याआधी भरपूर वापरलेल्या नळ्यांत बारीक खड्डे हमखास दिसतात. दुसरं कारण, पुढून घातलेली लोखंडी सळई. नळीच्या तोंडाची कड ही गोळी सुटतानाची शेवटची जागा. ती एका बाजूने झिजली की नेम गेला.

म्हणून सळई नेहमी मागून, बोल्ट काढून. एकसंध, प्लास्टिकचं आवरण असलेली सळई आणि पितळी किंवा कांस्याचा ब्रश घ्या. एनसीसीत दोरीचं पुलथ्रू आणि चिंदी वापरायचो, ते अजूनही वाईट नाही, फक्त दोरी कडेला घासू देऊ नका. चिंदीला जुन्या धोतराचं सुती कापड उत्तम, आणि कापसाच्या मुलखात त्याला तोटा नाही. सॉल्व्हंट लावलेली ओली चिंदी फिरवा, तासभर थांबा, ब्रशचे काही फेरे, मग कोरड्या चिंद्या स्वच्छ निघेपर्यंत. जुन्या काडतुसांचा संशय असेल तर सुरुवातीला गरम पाण्याची एक चिंदी फिरवा. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. लगेच कोरडं करून तेल द्या.

मग नळीतून उजेडाकडे बघा. आतल्या आट्या तोंडापासून शेवटपर्यंत धारदार दिसल्या तर सोनं. हलके काळे ठिपके असतील तर काळजी नाही, बऱ्याच खड्डेवाल्या नळ्याही बऱ्यापैकी नेम धरतात. पण मध्ये कुठे गडद कडं दिसलं, तर नळी तिथे फुगली आहे. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सोडल्यावर असं होतं. बाहेरून बोट फिरवलं तर कधीकधी उंचवटा लागतो. अशी रायफल झाडायची नाही.

चेंबरच्या कडेवर छोटीशी चेप आहे का बघा. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर पोरांनी दिवसभर टिकटिक वाजवला की काडतूस फोडणारी फायरिंग पिन तिथे आदळते. मग झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अडकायला लागते. ती चेप बसवायचं हत्यार गनस्मिथकडे असतं, कानस फिरवून ते होत नाही.

गंज आणि काळा रंग

नळीचा निळसर-काळा रंग म्हणजे ब्लूइंग. तो पेंट नाही. पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम धरवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो तो. त्यामुळे चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी घासायची पावडर लागली की थर गेला. समईसारखी लख्ख पांढरी नळी करून आणणारे लोक भेटतात, आणि त्यांना वाटतं कमाल केली.

गंजाच्या जागी पातळ तेल लावून एक दिवस ठेवा. मग जुना तांब्याचा पैसा घ्या. देव्हाऱ्यात नाहीतर आजीच्या डब्यात एखादा ढब्बू असतोच. तेलातच त्याची कड गंजावर आडवी ओढा. तांबं पोलादाहून मऊ, त्यामुळे गंजाचा पापुद्रा उचलला जातो आणि खालचा रंग राहतो. कड तपकिरी चिखलाने भरली की पुसा, परत तेल, परत ओढा. वेळ लागतो. उरलेल्या डागांना सगळ्यात बारीक, चार शून्य नंबरचं स्टील वूल, तेही तेल भरपूर लावून आणि बोटाच्या टोकाने. अक्षरांवर आणि शिक्क्यांवर ते वापरू नका, तिथे फक्त तेल आणि टूथब्रश. पॉलिश पेपर आणि बफिंगचं चाक या कामात नाहीच.

लाल गंज गेला आणि खाली करडे डाग राहिले, तर राहू द्या. वय झालेल्या वस्तूवर वयाच्या खुणा असायच्याच. नव्याने ब्लूइंग करून घेणं फक्त एकाच वेळी परवडतं: रायफल सामान्य आहे, रंग पूर्ण गेलेला आहे आणि तुम्हाला ती विकायची नाही, वापरायची आहे.

बोल्टमध्ये वेगळाच आजार सापडतो. घरोघरी खोबऱ्याचं तेल घालायची सवय होती. ते वर्षानुवर्षं सुकत जाऊन आत राळेसारखं जमतं, आणि ताजं असलं तरी २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं. फायरिंग पिन आत अडखळते, दणका हळू बसतो, काडतूस फुटत नाही, आणि लोक म्हणतात स्प्रिंग गेली. बोल्ट रायफलीतून काढा, त्याचे भाग सुटे न करता टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा, ब्रशने धुवा, सुकवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. निम्म्या 'बिघडलेल्या' रायफली एवढ्यावर चालू लागतात.

दस्ता

चांगल्या रायफलींचा दस्ता अक्रोडाचा, स्वस्तांचा बीचचा. आपल्याकडे तिसरा प्रकार भेटतो, सागवानाचा. मूळ दस्ता मोडला किंवा वाळवीने खाल्ला की गावच्या सुताराने आलापल्लीच्या सागातून नवा घडवून दिलेला. काम कधीकधी फार देखणं असतं आणि मला स्वतःला ते आवडतं, पण विकताना त्याने भाव पडतो. मूळ दस्त्याचे तुकडे कुठे कोठीत पडले असतील तर शोधा, फेकू नका.

रंधा नको, पॉलिश पेपर नको, दुकानातलं चकचकीत वार्निश नको. आधी मळ काढा: टर्पेंटाइनने ओलसर केलेलं कापड, पुसत राहायचं. दाबलेल्या खड्ड्यावर ओलं सुती कापड ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. हे लाकूड तुटलेलं नसेल तरच. नंतर तेल. जवस आपल्याच रानातला, पण घाण्याचं कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं आणि चिकट राहतं. पेंटच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिनसीड' मागा. तळहातावर चार थेंब घेऊन चोळा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, दोन दिवस सुकू द्या, पुन्हा तसंच. तीन-चार हातांत अक्रोडाची रेघ उठते. हे काम दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात तेल सुकत नाही.

त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. आपल्या मे महिन्यात तर त्याला निमित्तही लागणार नाही. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

मनगटाजवळ, म्हणजे दस्ता बारीक होतो तिथे, केसासारखी भेग आहे का ते उन्हात बघा. असेल तर फेव्हिकॉल भरून मोकळे होऊ नका, गनस्मिथला दाखवा.

झाडण्याआधी

कितीही छान दिसली तरी पहिली गोळी तुम्ही सोडायची नाही. परवानाधारक गनस्मिथकडून चेंबर, बोल्ट लागण्याची जागा, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली फट), फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) तपासून घ्या. नेताना परवाना सोबत, रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर आधी ठाण्यात विचारा, तेव्हा शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. नंतर झाडायची ती मान्यताप्राप्त रेंजवर, आणि साधी, कमी वेगाची काडतुसं घेऊन. जास्त वेगाची काडतुसं १९३० च्या सुमाराला बाजारात आली, त्याआधीच्या रायफली त्यांच्यासाठी बनलेल्याच नाहीत. नळीवर फक्त 'शॉर्ट' किंवा 'लाँग' लिहिलं असेल तर लाँग रायफल त्यात भरू नका.

ठेवायची कुठे? कातडी कव्हरमध्ये नाही, कातडं ओल धरतं आणि पावसाळ्यात आतल्या आत गंज चढवतं. युरियाच्या पोत्यांच्या खोलीत नाही. धान्याला सेल्फॉसच्या गोळ्या लावलेल्या कोठीतही नाही, त्या वायूने तांब्या-पितळेचे भाग काळे पडतात. कुलूपबंद लोखंडी कपाट, भिंतीला न टेकवता, आत सिलिका जेलची पुडी, आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत अधूनमधून तेलाचं कापड.

किंमत

मोबाइलवर अमेरिकेच्या लिलावातला भाव बघून त्याचे रुपये करणं सोडा. तिथे ती रायफल दुकानात मिळते. आपल्याकडे सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं १९८० च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे जे आधी आलं तेवढंच फिरतं. म्हणून इथे चांगल्या ब्रनोला तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त मागणी, आणि तिकडे संग्राहक ज्यावर जीव टाकतात अशा एखाद्या जुन्या एककाडतुशीला इथे विचारणारा नाही. इथलं गिऱ्हाईक म्हणजे परवाना हातात असलेला, बहुधा नेमबाजी करणारा माणूस. त्याला चालणारी, नेम धरणारी, निघणारं मॅगझिन असलेली, निर्वेध कागदांची रायफल हवी असते.

त्यामुळे माझा क्रम असा. सगळ्यात वर कागद: परवान्यातली नोंद आणि नंबर जुळतात का, मूळ खरेदीची पावती आहे का. सीपी अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला, डेप्युटी कमिशनरच्या सहीचा जुना परवाना असेल तर तो रायफलीचा इतिहास आहे, लॅमिनेट न करता जपा. मग कंपनी आणि मॉडेल. मग नळी. मग मूळपण: जुळणारे नंबर, मूळ दस्ता, मूळ माशी (नेम धरायची नळीवरची खूण), मूळ मॅगझिन. मॅगझिनकडे लोक दुर्लक्ष करतात, पण हरवलेलं मूळ मॅगझिन परत मिळवणं हे नवा दस्ता करण्यापेक्षा अवघड आहे. रंग आणि चकाकी सगळ्यात शेवटी.

समजा दोन ब्रनो समोर आहेत. एकीचा रंग हातांनी धरून धरून उडालेला, दस्त्यावर ओरखडे, पण नळी स्वच्छ, नंबर जुळणारे, मॅगझिन मूळ. दुसरी नव्याने काळी केलेली, सागवानी दस्त्याची, पॉलिशमध्ये शिक्के बुजलेले, मॅगझिन नाही. फोटोत दुसरी सुंदर दिसते. जाणकार पहिलीला हात घालतो, आणि दुसरीच्या बुजलेल्या नंबराकडे बघून तर मागेच सरतो.

भाव काढताना किमान दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांना दाखवा आणि त्यांना वेगवेगळे दोन प्रश्न विचारा: 'तुम्ही कितीला घ्याल?' आणि 'अशीच मला विकत हवी असेल तर कितीला द्याल?' या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे दुकानदाराचा नफा, त्याची पडून राहिलेली रक्कम आणि कागदांची धावपळ. खरी किंमत त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते. विम्यासाठी किंवा भावकीतल्या वाटणीसाठी हवी असेल तर मूल्यांकन लेखी, नंबरासह घ्या. तोंडी आकड्यावर भावाभावांत भांडणं होतात.

दुरुस्तीला खर्च किती करायचा हेही इथेच ठरतं. तपासणी, साफसफाई, एखादी फायरिंग पिन, एवढा खर्च निघून येतो. नवा दस्ता, नवं ब्लूइंग, नळीचं काम, हा खर्च विक्रीत परत येत नाही. तो हौसेच्या खात्यात टाका.

विकायची ठरली तर घेणाऱ्याचा परवाना मूळ प्रतीत बघा: त्यावर या बोअरच्या खरेदीची मुभा आहे का, मुदत संपलेली तर नाही. खासगी विक्रीत शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाणेदाराला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. विसार घ्या, पण त्या दिवसांत रायफल हातात देऊ नका, 'घरी दाखवून आणतो' म्हणाला तरी नाही. व्यवहार झाला की तुमच्या परवान्यावरून नोंद कमी करून घ्या, आणि तशी प्रत मिळेपर्यंत कळवल्याची पोच आणि विक्रीची पावती एकाच फाइलमध्ये ठेवा.